माळावर पूर्वी जंगल होते का? झाडोऱ्यातला दीर्घकालीन बदल ओळखायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पर्जन्यछायेतल्या एका गावाच्या गायरानात साठेक हेक्टर माळ आहे. पाऊस वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर. "इथे पूर्वी घनदाट जंगल होते, ते तुटले म्हणून माळ झाला, तेव्हा चर खणून झाडे लावू" असा ठराव येऊ घातला आहे. दुसरीकडे त्याच माळाच्या कडेने वेडी बाभूळ आणि गिरिपुष्प पसरत चालले आहे. मुळात जंगल होते का, गेल्या पन्नास-शंभर वर्षांत झाडी वाढली की घटली, आणि हे गावपातळीवर शोधायचे कसे?

सगळा घोळ "पूर्वी" या शब्दात आहे. पूर्वी म्हणजे आजोबांच्या काळी, पेशवाईत, यादवांच्या काळी, की सहा हजार वर्षांपूर्वी? प्रत्येक काळाचा पुरावा वेगळ्या जागी सापडतो आणि उत्तरही वेगळे निघते.

सर्वांत लांबच्या काळाचे उत्तर महाराष्ट्रातच मिळाले आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या तळाशी गाळाचे थर हजारो वर्षे न हलता साचलेले आहेत. त्यांतले परागकण, कोळशाचे कण आणि रासायनिक खुणा तपासून २०२१ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांनुसार साधारण सहा हजार वर्षांपूर्वीपासून मोसमी पाऊस दुबळा होत गेला, जंगल मागे हटले आणि विरळ झाडांचा गवताळ प्रदेश पसरला. हा बदल शेतीच्या आधीचा आहे. माणसाने जंगल तोडून माळ केला, असे तिथला गाळ सांगत नाही. माळ आधी आला, शेती आणि स्थिर वस्ती नंतर आली. शिरूर तालुक्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीच्या उत्खननात काळविटाची हाडे सापडली, आणि काळवीट हा उघड्या गवताळ जमिनीचा प्राणी आहे. म्हणजे "पूर्वी जंगल होते" हे वाक्य सहा हजार वर्षांमागे नेले तर बऱ्याच अंशी खरे ठरेल. मात्र त्या काळचा पाऊस आज नाही, तेव्हा त्याच्या आधारावर आज रोपे लावण्यात अर्थ नाही.

अशा प्रदेशाला शास्त्रात सॅव्हाना म्हणतात. त्याची ओळख झाडांच्या संख्येवरून होत नाही. खाली सलग गवत आणि वर तुटक झाडी, ही ती ओळख. हे गवत उष्ण कटिबंधातल्या खास गटातले असते, ज्याला सी-४ गट म्हणतात. कुसळी, पवन्या, मारवेल, डोंगरी ही सगळी त्याच गटातली. त्यांना कडक ऊन लागते, सावली सोसत नाही. झाडांची छत्रे एकमेकांना भिडली की पहिल्यांदा हे गवत मरते. आफ्रिकेतल्या शेकडो ठिकाणांची मोजणी २००५ मध्ये एकत्र मांडली गेली. तीत दिसले की वर्षाला साधारण ६५० मिलिमीटरच्या खाली पाऊस असेल तर पाण्याअभावीच झाडांची छत्रे एकमेकांना भिडत नाहीत, गवताला जागा उरतेच. त्याहून जास्त पाऊस असेल तर जंगल होऊ शकते, पण आग आणि चराई ते थोपवून धरतात. हा आकडा आफ्रिकेचा आहे, दख्खनला जसाच्या तसा लावू नये. तरीही पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस आणि मुरमावर वीतभर माती असलेल्या माळावर पाण्यानेच झाडांवर मर्यादा घातली आहे, हे धरून चालायला हरकत नाही. ओढ्याकाठची खोल माती मात्र वेगळी. तिथे झाडी दाट असणे स्वाभाविक, आणि गावकऱ्यांच्या आठवणीतले "जंगल" पुष्कळदा त्या ओढ्याकाठचेच असते.

आता शेकडो वर्षांचा काळ. इथे गावाची नावे, जुने वाङ्मय आणि देवस्थानांच्या कथा उपयोगी पडतात. हिवरे, बोरगाव, बाभूळगाव, तरवडी ही नावे बघा. हिवर, बोर, बाभूळ, तरवड ही सगळी उन्हात वाढणारी काटेरी किंवा झुडपी मंडळी आहेत, गर्द जंगलातली नव्हेत. तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयात आणि धनगरांच्या ओव्यांमध्ये पश्चिम महाराष्ट्राच्या पठाराचे जे वर्णन येते, त्यात माळ, कुरण, काटेरी झाडे आणि गुरेमेंढरे वारंवार भेटतात. हे पुरावे वापरताना एक पथ्य पाळायचे: नावावरून ते झाड तिथे होते एवढेच कळते, किती होते ते कळत नाही. उलट, एखादे झाड अपूर्व असले म्हणूनही गावाला त्याचे नाव पडते. म्हणून एका नावावर भिस्त न ठेवता आसपासच्या पंचवीस-तीस गावांची, वाड्यांची, शिवारांची नावे लिहून काढा. तलाठ्याकडच्या कागदांत शेतांची नावे मिळतात. त्यांत झाडांची नावे किती, त्यांतली उन्हाची किती, सावलीची किती, हे मोजा. आंबा, जांभूळ, उंबर ही नावे ओढे-विहिरींच्या आसपास निघतील आणि हिवर-खैर माथ्यावर, तर तो नकाशा भरवशाचा.

१८८४-८५ च्या सुमारास निघालेली पुणे, सातारा, अहमदनगर, सोलापूर जिल्ह्यांची इंग्रजी गॅझेटिअर अवश्य पाहा. त्यांतली झाडाझुडपांची, गवताची, जनावरांची प्रकरणे कामाची आहेत. पण वाचताना लिहिणाऱ्याचा चष्मा ओळखा. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडीक, आणि जिथे लाकूड नाही ते उजाड, ही महसुली नजर होती. आजही पडीक जमिनींच्या सरकारी नकाशांत गवताळ माळ ओसाड म्हणून दाखवला जातो, तो त्याच नजरेचा वारसा. माळाचे याने फार नुकसान केले आहे.

मातीचा पुरावा यापेक्षा पक्का असतो, पण तो काढताना चुका फार होतात. तत्त्व सोपे आहे. झाडांच्या पाल्यात कार्बन-१३ या जड कार्बनचे मूल्य, एका ठरलेल्या प्रमाण नमुन्याच्या तुलनेत, उणे २७ प्रति हजारच्या आसपास असते, सी-४ गवतात उणे १३ च्या आसपास. मातीत मुरलेल्या सेंद्रिय कार्बनचे मूल्य मोजले की त्या मातीत कोण जास्त वाढले ते कळते. समजा मूल्य उणे १७ आले. दोन टोकांमधले अंतर १४, आणि झाडांच्या टोकापासून आपण १० पुढे आलो, म्हणजे १० भागिले १४, सुमारे ७१ टक्के कार्बन गवताचा. खड्डा खणून ५, १०, २०, ४० सेंटिमीटर अशा खोलींवर नमुने घेतले की वरून खाली काळाचा अंदाज येतो.

आता चुका. पहिली आणि सर्वांत मोठी: ज्वारी, बाजरी, मका आणि ऊससुद्धा सी-४ गटातलेच. कधीकाळी नांगरलेल्या जमिनीत गवताची खूण दिसली तर ती ज्वारीचीही असू शकते. म्हणून नमुना कधीच औत न लागलेल्या मुरमाड तुकड्यातून घ्यायचा. दुसरी: काळ्या भेगाळ जमिनीत उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगांतून वरची माती खाली जाते आणि थर मिसळतात, तिथे खोलीवरून काळ ठरवणे व्यर्थ आहे. तिसरी: आपल्या मातीत चुनखडीचे खडे असतात, त्यांतला कार्बन सेंद्रिय नसतो. प्रयोगशाळेत पाठवण्याआधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने तो काढला नाही तर मूल्य गवताच्या बाजूला सरकते आणि माळ आहे त्यापेक्षा जुना वाटतो. चौथी: जंगलाच्या मातीतही खोलीबरोबर हे मूल्य एक ते तीन एककांनी आपोआप वाढते. त्यामुळे दोन एककांच्या फरकावरून "झाडी वाढली" म्हणू नका. पाच-सहा एककांचा फरक असेल तर बोला.

ज्यांना प्रयोगशाळा परवडत नाही त्यांनी सप्टेंबरमध्ये माळावर गुडघे टेकून बसावे. बारमाही गवताची जुनी ठोंबे, जमिनीत कंद ठेवून पावसाळ्यात उगवणाऱ्या वनस्पती, उघड्या उतारांवर वाढणाऱ्या खरपुडीच्या जाती सापडल्या तर तो माळ कालचा नाही. तोडलेल्या जंगलाच्या जागी दहा-वीस वर्षांत हरळी आणि वर्षायू तण येते, पण कंदवाल्या वनस्पतींचा असा मेळा जमायला शतक किंवा त्याहून जास्त काळ लागतो. हा पुरावा फुकट आहे आणि वनस्पती ओळखणारा माणूस सोबत असेल तर दोन फेऱ्यांत नोंदवून होतो.

गेल्या साठ वर्षांसाठी छायाचित्रे आहेत. अमेरिकेच्या कोरोना नावाच्या हेर उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात काढलेली छायाचित्रे १९९५ मध्ये खुली झाली. त्यांतल्या शेवटच्या कॅमेऱ्याची नजर सुमारे दोन मीटरपर्यंत पोचते, म्हणजे सुटे हिवराचे झाड ठिपक्यासारखे दिसते. अमेरिकी भूसर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावर आपले गाव शोधायचे. आधीच स्कॅन झालेली पट्टी मोफत उतरवता येते. लँडसॅट उपग्रहांची चित्रे १९७२ पासून आहेत, पण एक ठिपका आधी ऐंशी आणि नंतर तीस मीटरचा, त्यात विरळ झाडी मोजता येत नाही. सेंटिनल-२ या युरोपीय उपग्रहांची १० मीटरची चित्रे २०१५ पासून, आणि त्याहून बारीक चित्रे गूगल अर्थवर जुन्या तारखांसह मिळतात.

कोरोनाचे चित्र कडेला ताणलेले असते, कारण कॅमेरा बाजूला फिरत पट्टी टिपायचा. अख्खी पट्टी बसवत बसू नका. माळाभोवतीचा तीन-चार किलोमीटरचा तुकडा कापून क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये घ्या आणि जुनी देवळे, विहिरी, ओढ्यांचे संगम, खडकांचे उघडे माथे असे किमान दहा बिंदू आजच्या चित्राशी जुळवा. रस्ते टाळा, ते रुंदीकरणात सरकतात. चूक पाच मीटरच्या आत आली की पुढे जा.

मग माळावर एक-एक हेक्टरचे चौकोन विखरून टाका आणि प्रत्येकात दर दहा मीटरवर एक, असे शंभर ठिपके. ठिपका झाडाच्या छत्रावर पडला की एक, नाही तर शून्य. शंभरांपैकी पंधरा पडले तर झाडोरा १५ टक्के. पण शंभर ठिपक्यांवर या १५ मध्ये दोन्ही बाजूंना सातची चूक संभवते. तेव्हा १९६८ ला १२ आणि आज १५ हा बदल नव्हेच. दहा चौकोन घेऊन हजार ठिपके मोजले तर चूक साधारण दोनवर येते. चौकोन एका जागी गोळा केले तर हा हिशेब कोलमडतो, म्हणून माथा, उतार आणि ओढ्याकाठ यांचे चौकोन वेगवेगळे ठेवा आणि आकडेही वेगळे मांडा.

इथे फसगत कशी होते ते नीट लक्षात घ्या. जुन्या काळ्या-पांढऱ्या चित्रात झाडाची सावली आणि झाड एकच काळा डाग होतो, त्यामुळे झाडोरा जास्त मोजला जातो. दुसऱ्या बाजूने दोन-अडीच मीटरपेक्षा लहान झुडपे त्यात दिसतच नाहीत आणि आजच्या बारीक चित्रात मात्र दिसतात. मग काही न बदलताही "झाडी वाढली" असे निघते. उपाय असा की आजचे चित्र मुद्दाम दोन मीटरवर भरड करायचे आणि दोन्हीकडे तीन मीटरहून लहान छत्रे सोडून द्यायची. वर्षही बघा. १९७२ च्या दुष्काळाच्या अलीकडचे आणि पलीकडचे चित्र एकसारखे धरता येत नाही, आणि साठच्या दशकातले चित्र म्हणजे माळाची मूळ अवस्था असेही नाही. त्याआधी शंभर वर्षे जळणासाठी आणि कोळशासाठी तोड चाललेलीच होती.

महिन्याची निवड तर फार महत्त्वाची आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गवत आणि झाड दोन्ही हिरवे, काही वेगळे काढता येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये सालई, धावडा, पळस निष्पर्ण, म्हणजे देशी झाडेच गायब. नोव्हेंबरच्या शेवटी ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत गवत पिवळे पडलेले असते आणि झाडांवर पाला असतो, तीच वेळ. मेच्या चित्राचा उपयोग वेगळा: तेव्हा माळावर जे सलग हिरवे दिसते ते बहुतांश वेडी बाभूळच असते. डिसेंबरचा नकाशा आणि मेचा नकाशा एकावर एक ठेवला की जुनी झाडी कुठली आणि नवी घुसखोरी कुठली ते वेगळे होते. ऊस आणि ठिबकवरच्या बागा आधी कापून टाका, नाहीतर त्याही हिरव्या मोजल्या जातील.

सरकारी आकडेवारीबद्दल एक इशारा. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा मोठ्या जागेवर १० टक्क्यांहून जास्त छत्र असले की ते वनाच्छादन. १० ते ४० टक्के म्हणजे विरळ वन आणि १० च्या खाली झुडपी जमीन. आपला निरोगी माळ ८ टक्क्यांवर असेल तर झुडपी, १५ वर असेल तर विरळ वन, आणि वेड्या बाभळीने भरून ५० वर गेला तर मध्यम घनतेचे वन! कागदावर प्रत्येक पायरीला बढती, प्रत्यक्षात गवत, काळवीट, धाविक आणि चंडोल या पक्ष्यांचे घर गेलेले. कच्छमधले बन्नी हे याचे ढळढळीत उदाहरण. १९६१ च्या सुमारास खारेपणा रोखायला तिथे वेडी बाभूळ लावली, आणि सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरच्या त्या कुरणाचा मोठा भाग तिने गिळला.

हे एकट्या आपल्याकडचे नाही. आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या तिन्ही खंडांतल्या सॅव्हानांत एकूण कल झाडोरा वाढण्याकडे आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्षात २८० भागांवरून ४२० भागांच्या पुढे गेला, त्याचा फायदा सी-४ गवतापेक्षा झाडांना अधिक होतो, जळालेले रोपटे लवकर उभे राहते. त्यात आग आणि चराई बंद केली की भर पडते. ब्राझीलच्या सेरादो या सॅव्हानामध्ये आग रोखून जंगल घुसलेल्या जागांवर वनस्पतींच्या जाती २७ टक्क्यांनी आणि मुंग्यांच्या ३५ टक्क्यांनी घटल्याचे २०१७ मध्ये नोंदले गेले. पूर्व आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत गुरांच्या बुळकांडी रोगाचे निर्मूलन झाल्यावर विल्डबीस्ट या गवत खाणाऱ्या रानटी जनावराचे कळप काही लाखांवरून तेरा लाखांवर गेले, त्यांनी गवत खाल्ले, आगी कमी झाल्या आणि झाडे वाढली. झाडांची संख्या तिथे गुरांच्या लसीने बदलली. असे धागे समजून घेतल्याशिवाय नुसत्या टक्केवारीला अर्थ येत नाही.

आणि दख्खनमध्ये दोन उलट गोष्टी एकाच वेळी चालू आहेत. शेताच्या बांधावरची मोठी झाडे जात आहेत. २०१८ ते २०२२ या काळात देशभरात शेतांतली ५० लाखांहून जास्त मोठी झाडे नाहीशी झाल्याचे उपग्रहचित्रांवरून दाखवले गेले आहे. माळावर मात्र परकी झुडपे येत आहेत. बेरीज केली तर "फरक नाही" असे उत्तर येईल, आणि ते उत्तर दिशाभूल करणारे असेल.

म्हणून जमिनीवरची मोजणी हवीच. साठ हेक्टरसाठी ५० गुणिले २० मीटरचे वीस चौकोन पुरतात. प्रत्येकात ५० मीटरचा टेप ताणा आणि टेपवर ज्या ज्या छत्राची सावली उभी पडेल तेवढी लांबी जातीनिशी लिहा. एकूण लांबी भागिले ५० म्हणजे झाडोरा. खोडाचा घेर फक्त छातीच्या उंचीवर मोजला तर झुडपे निसटतात, म्हणून जमिनीपासून १० सेंटिमीटरवरही मोजा. उंचीचे तीन गट करा: एक मीटरखाली, एक ते अडीच, आणि अडीचच्या वर. मधला गट सर्वांत बोलका. हा गट दरवर्षी आगीत किंवा चराईत खाली बसतो, तोवर माळ माळ राहतो. तो अडीच मीटर ओलांडू लागला की पुढच्या दहा वर्षांत झाडोरा वाढणार हे आजच कळते. एका बुंध्यातून निघालेली पाच खोडे म्हणजे पाच झाडे नव्हेत, बुंधे आणि खोडे वेगळी मोजा. प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात लोखंडी खुंटी ठोका आणि तिथून दीड मीटर उंचीवरून, होकायंत्राने ठरवलेल्या एकाच दिशेचे छायाचित्र दरवर्षी नोव्हेंबरच्या त्याच आठवड्यात घ्या.

चराच्या ठरावाबद्दल स्पष्ट मत: मुरमाड गवताळ माथ्यावर सलग समतल चर खणू नयेत. चराने उलटलेली जुनी गवताची ठोंबे परत येत नाहीत, मोकळ्या झालेल्या मातीवर वेडी बाभूळ आणि घाणेरी आधी रुजते. झाडे लावायचीच असतील तर ओढ्याकाठी आणि वस्तीजवळ लावा, आणि हिवर, बोर, खैर, आपटा, सौंदड यांतली. माथ्यावर आहेत तेवढी राखली तरी पुरे.

वेडी बाभूळ काढताना जमिनीलगत तोडली तर एकाच्या जागी दहा फुटवे येतात, कारण फुटव्यांचे डोळे जमिनीखालच्या बुंध्यावर असतात. बुंध्याभोवती २० ते ३० सेंटिमीटर खणून त्या गाठीखाली मूळ तोडावे लागते. घाणेरीचे मूळही असेच फुटव्याच्या गाठीखाली तोडून झुडूप उलटे टाकतात, म्हणजे तोडलेला भाग मातीला टेकत नाही. वेड्या बाभळीच्या शेंगा पिकण्याआधी काम संपवा. पिकलेल्या शेंगा गुरांनी खाल्ल्या तर बी शेणातून माळभर जाते, त्यामुळे शेंगा पिकतात त्या दोन महिन्यांत वेड्या बाभळीने भरलेल्या भागातून गुरे थेट स्वच्छ भागात नेऊ नका. मोकळ्या जागेवर पहिल्याच पावसात पवन्या, मारवेल, डोंगरीचे बी त्याच माळावरून गोळा करून टाका, आणि रोपटी उपटायला किमान चार-पाच पावसाळे फिरा. गवत बी पडल्यावरच कापा. गायरान महसूल खात्याचे असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव आणि तहसीलची परवानगी, वनजमीन असेल तर वनखात्याची, आधी घ्या. आगीचा प्रयोग स्वतःहून करू नका. वनजमिनीवर आग लावणे गुन्हा आहे, आणि पेरलेल्या गवताला पहिली तीन वर्षे ती सोसतही नाही.

ठराव मांडला जाण्यापूर्वी हाती तीन आकडे हवेत: १९६० च्या दशकातला झाडोरा, आजचा डिसेंबरचा, आणि मेमध्ये हिरवा राहणारा. ते माथा, उतार, ओढ्याकाठ असे तीन ओळींत, किती चूक संभवते त्यासह लिहा. बहुतेक माळांवर माथ्याच्या ओळीत पहिला आकडाच लहान निघतो, आणि मग तोडलेल्या घनदाट जंगलाची गोष्ट सांगणाऱ्याला ते जंगल कोणत्या शतकात होते हे सांगावे लागते.